मिनाहासाच्या लेकी आणि ख्रिस्तसभा

गेल्या वर्षी रोझरीच्या महिन्यात आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळाची बैठक चालू असता एका वृद्ध भगिनीने आम्हांला एक साधा प्रश्न विचारला. "फादर, संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून पुढे ज्या बेटांवर गेले, तिथल्या बायकांचं पुढे काय झालं?" आम्ही तीसएक वर्षांपूर्वी सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलो. मोलुक्का बेटे नकाशावर कोठे आहेत हे आम्हांला दाखवता आले असते, दोन-चार सने सांगता आली असती, पोर्तुगीज आणि डच यांच्या लढाया सांगता आल्या असत्या. पण बायकांचे काय झाले, हे सांगता येईना. "आजी, वाचून सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख ही त्या उधारीची परतफेड आहे. सर्वच बेटांविषयी लिहिणे आमच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून ज्या एका प्रदेशात स्त्रियांची कथा विशेष ठळकपणे दिसते, तो मिनाहासा प्रदेश आम्ही निवडला आहे.

मिनाहासा म्हणजे इंडोनेशियातील सुलावेसी बेटाचे ईशान्येकडील टोक. जुन्या पुस्तकांतून या बेटाचे नाव सेलेबीस असे आढळते. ज्वालामुखींचे डोंगर, त्यांच्या मध्ये तोंदानो नावाचे मोठे सरोवर, उतारांवर भातखाचरे, किनाऱ्याला माडांच्या राया आणि समुद्रकाठी मनाडो हे शहर, असा हा मुलूख आहे. माडांच्या सावलीत वाढलेल्या आमच्या वाचकांना तो फारसा परका वाटू नये. तेथे राहणाऱ्या अनेक जमातींनी एक होऊन जे नाव घेतले ते मिनाहासा. त्या शब्दाचा अर्थच 'एक झालेले' असा आहे.

संत फ्रान्सिस झेवियर स्वतः मिनाहासात उतरले नाहीत. १५४६ आणि १५४७ या दोन वर्षांत ते आंबोन, तेर्नाते आणि मोरो या बेटांवर फिरले व परत आले. परंतु त्यांनी जे काम सुरू केले ते चालविणारे येशूसंघीय धर्मगुरू गोव्याच्याच देखरेखीखाली होते. त्यांपैकी दियोगो द मागाल्याएंस हे १५६३ साली तेर्नातेहून मनाडोला गेले आणि तेथील राजासह सुमारे पंधराशे लोकांना त्यांनी स्नानसंस्कार दिला. तेर्नातेच्या सुलतानाचे आरमार त्या किनाऱ्यावर यायच्या आत ही भेट उरकावी, अशी घाई त्यात होती. पंधराशे! आकडा मोठा आहे. पण त्या पंधराशेंत ज्या आया, लेकी आणि सुना होत्या, त्यांतील एकीचेही नाव इतिहासाने आमच्यापर्यंत पोहोचू दिलेले नाही. राजाचे नाव उरते, धर्मगुरूचे नाव उरते, बाकीचे सारे आकड्यात जातात.

पुढे सतराव्या शतकात स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरू आले. त्यांपैकी ब्लास पालोमिनो यांना १६२२ साली तेथे मृत्यू आला. त्यांची गणना त्या भूमीच्या हुतात्म्यांत होते. नंतर डच ईस्ट इंडिया कंपनीने पाय रोवले. १० जानेवारी १६७९ रोजी मिनाहासाच्या प्रमुखांशी कंपनीचा करार झाला आणि तेव्हापासून कॅथलिक धर्मगुरूंना त्या किनाऱ्यावर मज्जाव झाला. कंपनीला धर्मापेक्षा तांदूळ अधिक प्रिय होता. तिचे प्रॉटेस्टंट पाळक कधीमधी जहाजाने येत, मुलांना बाप्तिस्मा देत आणि परत जात. डोंगरातील गावे बहुतांशी आपल्या जुन्या धर्मातच राहिली.

हा जुना धर्म कसा होता हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण स्त्रियांची खरी कथा तेथूनच सुरू होते. मिनाहासाच्या लोकांची आदिमाता लुमिमुउत. ती दगडातून जन्मली असे त्यांची दंतकथा सांगते. तिच्याबरोबर होती कारेमा, एक वृद्ध पुरोहित स्त्री. लुमिमुउतला वाऱ्यापासून तोआर नावाचा मुलगा झाला. तो वयात आल्यावर कारेमाने दोघांच्या हाती सारख्या लांबीची एकेक काठी दिली आणि त्यांना विरुद्ध दिशांनी जगप्रदक्षिणेला पाठविले. पुष्कळ वर्षांनी दोघे भेटले तेव्हा एकाची काठी वाढलेली होती, दोन्ही काठ्या जुळेनात. म्हणून त्यांनी एकमेकांना परके मानले, लग्न केले आणि त्यांच्यापासून सारा वंश झाला. कथेचा हा भाग ऐकून आमचे वाचक कपाळाला आठ्या घालतील. पण आमचे लक्ष दुसरीकडे आहे. या कथेत वंशाची सुरुवात बाईपासून होते, आणि देवांचे मनोगत सांगते तीही बाईच.

आणि हे केवळ कथेत नव्हते. पूर्वजांच्या आत्म्यांशी बोलणारे, पेरणी-कापणीचे, नव्या घराचे, आजारपणाचे विधी करणारे जे पुरोहित, त्यांना वालिआन म्हणत. वालिआन पुरुषही असत आणि स्त्रियाही असत; स्त्री वालिआनला गावात मोठा मान होता. शिवाय त्या समाजात नाते आईकडून आणि बापाकडून सारखेच मोजत. जमिनीच्या वारशात मुलीला मुलाप्रमाणेच हिस्सा होता. एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने राबण्याची मापालुस नावाची पद्धत होती, तीत बाया-पुरुष दोघेही असत. याचा अर्थ तेथे रामराज्य होते असा मुळीच नाही. शत्रूचे शिर कापून आणणाऱ्याला मान मिळे, आणि त्या शिरांभोवतीही विधी होत. मुलीच्या लग्नात द्याव्या लागणाऱ्या देजाचा बोजा होता, प्रमुखांच्या घरी अनेक बायका असत. आम्ही एवढेच म्हणतो की, ख्रिस्ती मिशनरी तेथे पोहोचले तेव्हा स्त्री तेथे मुकी नव्हती.

१२ जून १८३१ रोजी दोन जर्मन मिशनरी मिनाहासात उतरले. योहान फ्रीडरिश रीडेल आणि योहान गॉटलिब श्वार्झ ही त्यांची नावे. डच मिशनरी मंडळाने त्यांना पाठविले होते. दोघेही प्रॉटेस्टंट होते, आणि कॅथलिक नियतकालिकात त्यांच्याविषयी आदराने लिहिण्यात आम्हांला कसलाही संकोच वाटत नाही. रीडेल मूळचे शिंपी, श्वार्झ मूळचे चांभार. एक तोंदानोला राहिला, दुसरा लांगोवानला. श्वार्झ १८५९ साली आणि रीडेल १८६० साली, दोघेही तेथेच मरण पावले. त्यांनी लोकांची भाषा शिकून घेतली, आजाऱ्यांना औषध दिले, घरोघर फिरले. त्यांच्या आगमनापासून पन्नासएक वर्षांत मिनाहासाची बहुसंख्य प्रजा ख्रिस्ती झाली. आशियाच्या मिशन-इतिहासात इतका झपाटा क्वचितच आढळतो.

या झपाट्यात स्त्रियांच्या वाट्याला काय आले? येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण सेमिनरीत आम्हांला जे उत्तर ठाऊक होते ते अर्धेच होते. धर्माने स्त्रीला प्रतिष्ठा दिली, एवढे म्हणून आम्ही मोकळे होत असू. मिनाहासात तसे सरळ घडले नाही.

मिशनरींना सर्वांत मोठा विरोध वालिआनांचा झाला, आणि मिशनरींनीही त्यांनाच आपले प्रमुख प्रतिस्पर्धी मानले. हे स्वाभाविक होते. एका गावात दोन वेदी राहू शकत नाहीत. गावेच्या गावे ख्रिस्ती होत गेली तसतसे वालिआनांचे पद गेले. पुरुष वालिआनाला निदान एक वाट मोकळी होती: त्याचा मुलगा शाळामास्तर होऊ शकत होता, प्रार्थना चालवू शकत होता. स्त्री वालिआनाच्या लेकीला ती वाट नव्हती. नव्या मंदिरात बोलणारे सगळे पुरुष होते. पिढ्यान्‌पिढ्या देवांचे बोलणे गावाला सांगणारी बाई आता बाकावर बसून ऐकू लागली. ख्रिस्ताची सुवार्ता त्या भूमीला मिळाली हा आमच्या दृष्टीने अपार लाभ आहे. त्या लाभाबरोबर हा एक तोटा झाला, तोही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदला पाहिजे. हा तोटा सुवार्तेने केला नाही. सुवार्ता घेऊन येणारी माणसे आपल्या बरोबर एकोणिसाव्या शतकातील युरोपची जी बैठकीची खोली घेऊन आली, तिने तो केला.

आणि तरीही, या कथेचे वैशिष्ट्य असे की, त्याच खोलीतून पुढचा दरवाजा उघडला.

मिशनरींच्या घरी गावोगावची मुले-मुली राहायला येत. त्यांना 'अनाक पिआरा' म्हणत. म्हणजे सांभाळायला घेतलेली मुले. मुलगे लिहायला-वाचायला शिकत, धर्मशिक्षण घेत आणि शाळामास्तर होऊन गावी परत जात. मुली मिशनरींच्या पत्नींच्या हाताखाली शिवणकाम, स्वयंपाक, घराची टापटीप शिकत. आणि त्याबरोबर वाचायलाही शिकत. यांतील पुष्कळ मुली पुढे शाळामास्तरांच्या बायका झाल्या. गावात मास्तरांचे घर म्हणजे नव्या जीवनाचा नमुना. पूर्वी एका प्रचंड लाकडी घरात अनेक कुटुंबे राहत. १८४५ च्या भूकंपाने तशी घरे पाडली आणि त्यानंतर सरकारने लहान, एका कुटुंबापुरती घरे बांधण्याचा आग्रह धरला. त्या लहान घरात स्वयंपाकघर कसे असावे, मुलाला केव्हा निजवावे, जेवणापूर्वी प्रार्थना कशी म्हणावी, हे मास्तरीणबाईच्या घराकडे पाहून लोक शिकले. मिशनरींचे अहवाल मास्तरांची संख्या देतात. मास्तरीणबाई त्यांत क्वचितच दिसतात. पण प्रवचन आठवड्यातून एकदा होते आणि चूल दिवसातून दोनदा पेटते. श्रद्धा कोणत्या मार्गाने घराघरांत उतरली असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गावच्या मिशन-शाळांत मुलीही मुलांबरोबर बसत. ही गोष्ट त्या काळात डच सत्तेखालील इतर बेटांवर सहसा दिसत नसे. मात्र वरच्या शिक्षणाचे गाडे तेथेच अडले. गावप्रमुखांच्या मुलग्यांसाठी सरकारने तोंदानो येथे १८६५ साली खास शाळा काढली. प्रमुखांच्या मुलींसाठी तोमोहोन येथे शाळा निघाली ती १८८१ साली, म्हणजे सोळा वर्षांनी. आणि तीही मोजक्या घरांतील मुलींसाठी.

मधल्या काळात कॅथलिक धर्मगुरूही परत आले. लांगोवानचा दानियेल मांदागी हा एक माजी सैनिक. पलटणीत असताना तो कॅथलिक झाला होता. आपल्या मुलांना स्नानसंस्कार मिळावा म्हणून त्याने धर्मगुरूंना विनंती केली, आणि १८६८ साली येशूसंघाचे फादर योहान्नेस द व्रीस मिनाहासाला आले. दोन शतकांनी पुन्हा उघडलेले ते दार एका बापाने आपल्या मुलांसाठी ठोठावले होते. पुढे १८९८ साली येशू-मरिया-योसेफ संघाच्या डच धर्मभगिनी तेथे पोहोचल्या आणि त्यांनी मुलींच्या शिक्षणाला हात घातला. नंतर रुग्णसेवाही आली. तोमोहोनचे 'गुनुंग मारिया' रुग्णालय आजही प्रसिद्ध आहे. हाच संघ १९०४ साली आपल्या देशात आंध्रातील गुंटूर येथे आला. त्याच्या भगिनी दक्षिणेत शाळा आणि इस्पितळे चालवीत असलेल्या आमच्या काही वाचकांनी पाहिल्या असतील. मिनाहासात कॅथलिक लोक आजही थोडे आहेत, बहुसंख्य प्रॉटेस्टंट आहेत. मनाडोला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा १९६१ साली मिळाला.

आता आमच्या कथेच्या मध्यवर्ती व्यक्तीकडे येतो. तिचे नावही मारियाच.

मारिया मारामिस हिचा जन्म १ डिसेंबर १८७२ रोजी केमा या बंदराच्या गावी झाला. ती सहा वर्षांची असताना आई आणि वडील दोघेही थोड्याच अंतराने दगावले. तीन भावंडांना माउम्बी येथे मामांनी आपल्या घरी नेले. मामा रोतिन्सुलु घराण्यातील, सरकारदरबारी वजन असलेले गृहस्थ. घर खाऊनपिऊन सुखी होते, आणि तेथेच त्या मुलीला भेद दिसला. भावाला पुढे शिकविले गेले. मारिया आणि तिची बहीण यांना गावच्या मलय भाषेच्या शाळेत तीन वर्षे काढून घरी बसावे लागले. लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित, एवढी तिची शिदोरी. कोणी तिला छळले नव्हते. मामांनी पोरक्या भाच्यांवर माया केली होती. रीतच तशी होती, म्हणून कोणाला त्यात अन्याय दिसला नाही, आणि आमच्या मते तिच्या मनात तो सल अधिक खोल रुतण्याचे कारणही तेच असावे. मामांच्या घरी शिकलेल्या पाहुण्यांची, मिशनरींची ये-जा असे. त्यांचे बोलणे कानांवर पडत होते, आणि मुलगी ऐकत होती.

योसेफ वालांदा या शाळामास्तरांशी तिचे लग्न झाले. मघाशी ज्या मास्तरीणबाईंविषयी आम्ही लिहिले, त्यांच्या मालिकेत ती अशी जाऊन बसली. पुढे मनाडोला बिऱ्हाड झाल्यावर मारियाबाईंनी 'चाहाया सियांग' या पत्रात लिहिण्यास सुरुवात केली. हे पत्रही मिशनचेच अपत्य: ग्राफलांद या मिशनरींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सुरू केले होते. मारियाबाई लिहीत ते आईच्या कर्तव्यांविषयी. मुलाच्या आरोग्याची काळजी आईच घेते, त्याला पहिले शिक्षण आईच देते. मग त्या आईलाच अडाणी ठेवून कसे चालेल? तीन वर्षे शाळेत गेलेली बाई हा प्रश्न छापून विचारीत होती.

८ जुलै १९१७ रोजी त्यांनी मनाडोत एक संस्था स्थापन केली. तिचे नाव 'पेर्चिन्तान इबू केपादा अनाक तेमुरुन्‌ञा', म्हणजे 'आईची आपल्या लेकरांवरील माया'. आद्याक्षरे जुळवून लोक तिला पिकात म्हणू लागले. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, पिकातची शाळा उघडली. प्राथमिक शाळा संपवून घरी बसलेल्या मुलींना तेथे स्वयंपाक, शिवण, हस्तकला, बाळाचे संगोपन असे विषय शिकवीत. संस्थेच्या शाखा माउम्बी, तोंदानो, मोतोलिंग अशा गावांत निघाल्याच, शिवाय बोर्निओत निघाल्या आणि दूर जावा बेटावर बाताव्हिया, बोगोर, बांदुंग, चिमाही, मागेलांग, सुराबाया येथेही निघाल्या. मिनाहासाचे पुरुष मोठ्या संख्येने डच पलटणीत नोकरीला होते. चिमाही आणि मागेलांग ही लष्करी छावण्यांची गावे. नवऱ्यामागे परमुलखात गेलेल्या बायकांनी आपल्या ट्रंकेतून ही संस्थाही नेली, असे या यादीवरून आम्हांला दिसते.

एखादा आधुनिक वाचक म्हणेल, स्वयंपाक आणि शिवण शिकविण्यात कसली आली क्रांती? हा प्रश्न आमच्याही मनात आला होता. मिशनरींच्या घरातील तेच तर धडे हे. पण पुढे काय झाले ते पाहावे.

१९१९ साली मिनाहासासाठी एक प्रतिनिधी-मंडळ स्थापन झाले. त्याला मिनाहासा राद म्हणत. त्याचे सदस्य निवडण्याचा हक्क पुरुषांना होता. मारियाबाईंनी त्याविरुद्ध आवाज उठविला. मुलांच्या शाळा, गावचे पाणी, रोगराई यांविषयी जे मंडळ निर्णय घेणार, ते निवडताना आईला वगळायचे हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या खटपटीला यश आले. १९२१ साली बाताव्हियाहून हुकूम आला आणि मिनाहासातील स्त्रियांना राद-सदस्यांच्या निवडणुकीत मतदानाची परवानगी मिळाली. डच इंडीजमधील नगरपालिकांसाठी स्त्रियांना मताचा अधिकार मिळायला १९४१ साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे या हुकमाचे मोल कळते.

म्हणजे झाले ते असे. मिशनने स्त्रीला सांगितले, तुझे स्थान घरात. तू आई आहेस. मारियाबाईंनी ते नाकारले नाही. त्या म्हणाल्या, ठीक, आम्ही आया आहोत. आणि मग त्या एका शब्दाचा धागा धरून त्या स्वयंपाकघरातून शाळेत, शाळेतून छापखान्यात आणि छापखान्यातून मतपेटीपर्यंत गेल्या. ज्यांनी तो शब्द त्यांच्या हाती दिला होता, त्यांना त्यांना अडविता आले नाही. आईपण ही भिंत आहे असे ज्यांना वाटले होते, त्यांना ते दार निघाले. त्यात श्रद्धेचा वाटा किती, असे कोणी विचारील. आमचे मत असे की, लेकरांवरील माया हे नाव संस्थेला देणारी बाई आपल्या धर्मशिक्षणाच्या बाहेरून बोलत नव्हती.

मारियाबाई २२ एप्रिल १९२४ रोजी माउम्बी येथे निवर्तल्या. वय अवघे एक्कावन्न. इंडोनेशिया सरकारने २० मे १९६९ रोजी त्यांना राष्ट्रवीर म्हणून गौरविले. जावाच्या कार्तिनींचे नाव अधिक लोकांना ठाऊक आहे. त्यांची पत्रे जगभर वाचली गेली. मारियाबाईंनी पत्रांचा संग्रह मागे ठेवला नाही, शाळा ठेवली.

त्या हयात असतानाच आणखी एक दार उघडले होते. लिकुपांग येथे १८९६ साली जन्मलेली मारी थॉमस ही एका पलटणीतील शिपायाची मुलगी. बाताव्हियाच्या वैद्यकीय विद्यालयात, ज्याला स्टोव्हिया म्हणत, मुलींना प्रवेश नव्हता. १९१२ साली डच स्त्री-चळवळीच्या पुढारी डॉ. आलेट्टा याकोब्स इंडीजमध्ये आल्या, त्यांनी गव्हर्नर-जनरलकडे हा विषय काढला, आणि त्यांची बहीण शार्लोट यांनी मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभारला. पहिली विद्यार्थिनी मारी थॉमस. १९२२ साली त्या डॉक्टर झाल्या. इंडोनेशियातील पहिल्या स्त्री-डॉक्टर. दुसऱ्या आना वारौ, त्याही मिनाहासाच्याच. एवढ्या मोठ्या द्वीपसमूहातून पहिल्या दोन्ही डॉक्टर स्त्रिया या चिमुकल्या टोकावरून याव्यात, हा योगायोग नव्हे. ज्या गावांत मुली कित्येक दशकांपासून वर्गात बसत होत्या, तेथून त्या आल्या. डॉ. मारी थॉमस यांनी प्रसूतिशास्त्रात विशेष काम केले, पश्चिम सुमात्रातील एका डॉक्टरांशी विवाह केला आणि १९५० साली बुकिटिंगी येथे सुइणींसाठी शाळा काढली. ती मुसलमान वस्तीची भूमी. तेथील आयांची बाळंतपणे सुखरूप व्हावीत म्हणून एक मिनाहासी बाई खपली. १९६६ साली त्यांचे निधन झाले.

राजकारणात गेलेल्या स्त्रियांविषयी आम्ही थोडक्यातच लिहितो. ऑगस्टीन माग्दालेना वावोरुन्तु या १९५० च्या सुमारास मनाडोच्या महापौर झाल्या. त्या देशात हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

आम्हांला अधिक ओढ आहे ती मारियाने कातोप्पो यांची. जन्म तोमोहोनचा, १९४३ सालचा. त्यांनी धर्मज्ञानाचा अभ्यास केला, कादंबऱ्याही लिहिल्या. 'राउमानेन' या १९७७ च्या कादंबरीत एका मिनाहासी तरुणीची आणि बाताक तरुणाची शोकांतिका आहे. दोघेही ख्रिस्ती, पण जात आडवी येते. हे वाचून आमच्या कित्येक कुटुंबांना आपल्याच शेजारची गोष्ट आठवेल. १९७९ साली त्यांनी आशियाई स्त्रीच्या दृष्टीने लिहिलेले धर्मज्ञानाचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. तोपर्यंत आशियातील स्त्रियांच्या वतीने धर्मज्ञान बोलणारे बहुधा आशियातील पुरुष किंवा पश्चिमेतील स्त्रिया असत. कातोप्पोबाईंनी आपण 'दुसरी' आहोत, परकी आहोत, या अनुभवापासून सुरुवात केली: मुसलमान बहुसंख्य देशात ख्रिस्ती, पुरुषांच्या ख्रिस्तसभेत स्त्री, गोऱ्यांच्या धर्मज्ञानात आशियाई. आणि हे सांगताना त्यांनी आधार घेतला तो पवित्र मरियेचा! प्रॉटेस्टंट घरातील ही लेखिका मरियेकडे वळते आणि म्हणते की, खाली मान घालून सारे सोसणारी अशी जी मरियेची मूर्ती पुरुषांनी घडविली ती खरी नव्हे. मरिया ही पूर्ण स्वतंत्र माणूस आहे, तिने कोणालाही न विचारता देवाला होकार दिला.

हे वाचताना आम्ही थोडे ओशाळलो. तीस वर्षे रोज सायंप्रार्थनेत आम्ही मरियेचे स्तोत्र म्हणत आलो आहोत. मे महिन्यात तिच्या पुतळ्याला हार घातले, नोव्हेना केल्या, मुलींना तिचा नम्रपणा शिकविला. तिचा होकार हा तिचा स्वतःचा निर्णय होता, यावर एकदाही प्रवचन केल्याचे आम्हांला आठवत नाही. कातोप्पोबाई २००७ साली वारल्या.

मिनाहासातील प्रॉटेस्टंट ख्रिस्तसभा १९३४ साली डच नियंत्रणातून मोकळी होऊन स्वायत्त झाली. आज तिच्या पाळकवर्गात स्त्रिया फार मोठ्या संख्येने आहेत. ती मंडळी लहान लहान वाड्यांच्या गटांत विभागलेली असते, आणि प्रत्येक गटाचे वडील व सेवक निवडून दिले जातात. त्यांतही स्त्रिया असतात. कॅथलिक धर्मगुरुपदाविषयीची आमच्या ख्रिस्तसभेची शिकवण वेगळी आहे, आणि तो विषय येथे काढण्याचा आमचा हेतू नाही. पण प्रापंचिकांच्या ज्या जागा स्त्रियांना आजही मोकळ्या आहेत, त्या आपण किती भरल्या हे विचारायला कोणत्याही शिकवणीची आडकाठी नाही. आमच्या धर्मग्राम समितीच्या नोंदवहीत आम्ही सहज पाहिले. गेल्या दहा वर्षांत चहापाण्याची व्यवस्था प्रत्येक वेळी महिला मंडळाकडे होती. हिशेब एकदाही नव्हता.

हे सारे आम्ही मंडळाच्या दोन बैठकांत सांगितले. आजी पुढच्या बाकावर बसून, हातातली रोझरी थांबवून ऐकत होत्या. लुमिमुउतच्या काठ्यांची गोष्ट ऐकून त्यांना हसू आले, मारियाबाईंच्या मामांची गोष्ट ऐकून त्या गप्प झाल्या. त्या स्वतः दुसरी इयत्ता शिकलेल्या. भाऊ मॅट्रिक झाला होता, हे त्यांनीच नंतर सांगितले. शेवटी त्यांनी विचारले, "फादर, त्या पूजा करणाऱ्या बायका ख्रिस्ती झाल्या, तेव्हा पहिल्यांदा चर्चमध्ये आल्या असतील ना? कोणी त्यांना पुढे बसवलं का?"

आम्ही खरे ते सांगितले, की पुष्कळ वर्षे मागेच बसवले. त्यावर आजी काही बोलल्या नाहीत. बैठक संपल्यावर सचिवाला हाक मारून त्यांनी नोंदवही मागितली आणि पुढच्या वर्षीच्या सणाच्या खर्चाचा हिशेब महिला मंडळाने पाहावा, असा ठराव लिहून घ्या म्हणाल्या. अनुमोदन अकरा जणींनी दिले.